ऊर्मी ओसरते : स्वतःला इजा करून घेण्याच्या ओढीला सामोरे जाताना

रेडमंड : स्वतःच्याच शरीराला मुद्दाम इजा करून घेण्याच्या वर्तनासाठी मराठी घरांत रुळलेला शब्द नाही. मुलाच्या किंवा मुलीच्या अंगावरच्या खुणा एखाद्या दिवशी आईच्या दृष्टीस पडतात, तेव्हा ‘हे काय खूळ’, ‘नुसती नाटके’, ‘इथल्या मुलांचे पाहून शिकली’ असे उद्गार तोंडातून निघतात. किंवा शब्दच फुटत नाही आणि त्या दिवसापासून घरात त्या विषयाला बंदी होते. रागावणे आणि गप्प बसणे हे दोन्ही प्रतिसाद भीतीतून येतात. परंतु ज्या व्यक्तीच्या मनात ही ओढ पुन्हा पुन्हा उसळत असते, तिला दोहोंपैकी कशाचाही उपयोग होत नाही. उपयोग होतो तो त्या ओढीचे स्वरूप समजण्याचा आणि ती उसळलेली असताना नेमके काय करावे हे आधीपासून ठाऊक असण्याचा.

या विषयात रेडमंडच्या रहिवाशांना एक गोष्ट माहीत असावी. ५२० क्रमांकाचा महामार्ग रेडमंडहून निघून वॉशिंग्टन सरोवरावरील तरंगत्या पुलावरून सिएटलला पोहोचतो. पलीकडच्या काठाजवळच युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन आहे. या ओढीवर आज जगभर वापरल्या जाणाऱ्या उपायांपैकी दोन महत्त्वाच्या उपायांची जडणघडण याच विद्यापीठात झाली.

हे वर्तन काय आहे आणि काय नाही

मानसशास्त्रात मरण्याचा हेतू नसताना स्वतःला केलेली इजा आणि आत्महत्येचा प्रयत्न यांत भेद केला जातो. पहिल्या प्रकारात व्यक्तीला बहुधा जीवन संपवायचे नसते; असह्य झालेली भावना त्या क्षणापुरती थांबवायची असते. हा भेद महत्त्वाचा असला तरी त्यावरून निश्चिंत होणे योग्य नाही. स्वतःला इजा करून घेणाऱ्यांमध्ये पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणून ‘मरायचे तर नव्हते ना’ असे म्हणून प्रकरण मिटवू नये.

ही स्थिती दुर्मीळही नाही. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार, किशोरवयीनांपैकी सुमारे १७ टक्के, तरुणांपैकी सुमारे १३ टक्के आणि प्रौढांपैकी सुमारे साडेपाच टक्के व्यक्तींनी आयुष्यात एकदा तरी असे केलेले असते. सुरुवात बहुधा १२ ते १४ या वयात होते. मुलींमध्ये हे अधिक आढळते, मात्र मुलगे यापासून मुक्त नाहीत. त्यांच्याकडे संशयाने पाहिले जात नाही एवढेच.

‘लक्ष वेधून घेण्यासाठी करतात’ ही सर्वांत प्रचलित समजूत वस्तुस्थितीशी जुळत नाही. बहुसंख्य व्यक्ती हे वर्तन कसोशीने लपवतात. कारणांचा शोध घेतला असता सर्वाधिक वेळा एकच उत्तर मिळते : राग, लाज, एकटेपणा, स्वतःविषयीचा तिरस्कार किंवा सुन्न करणारी पोकळी सहन होईनाशी झाली आणि त्या कृतीने काही काळ सुटका झाल्यासारखे वाटले. काही जण स्वतःला शिक्षा म्हणून असे करतात. काहींना मनातली वेदना बोलून दाखवता येत नाही.

त्या क्षणिक सुटकेतच खरा सापळा असतो. तणाव उतरल्याचा अनुभव मेंदू लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तोच मार्ग आधी सुचवतो. मागाहून येणारी शरम नवा ताण निर्माण करते, आणि तो ताण पुन्हा त्याच वाटेने नेतो. हे चक्र इच्छाशक्तीच्या अभावाचे लक्षण नव्हे. ते शिकलेले वर्तन आहे, आणि जे शिकले गेले त्याच्या जागी दुसरे शिकता येते.

लाट आणि तिच्यावरचा स्वार

मराठीत ‘ऊर्मी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : एक लाट, दुसरा मनात उसळणारी तीव्र इच्छा. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधील मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट (१९४१–२०११) यांनी व्यसनमुक्तीच्या कामात मांडलेली कल्पना नेमकी या दोन अर्थांच्या संगमावर उभी आहे. धूम्रपान किंवा मद्यपान सोडू पाहणाऱ्या व्यक्तीला वाटते, की इच्छा उसळली म्हणजे ती वाढतच जाणार आणि अखेर तिच्यापुढे मान तुकवावी लागणार. मार्लाट यांचे म्हणणे होते, की इच्छा समुद्राच्या लाटेप्रमाणे उठते, शिखराला पोहोचते आणि ओसरते. तिच्याशी झुंजायचे नाही, तिच्यात बुडायचेही नाही. लाटेवर तोल सांभाळणाऱ्या स्वाराप्रमाणे ती जाईपर्यंत तिच्यावर राहायचे.

हीच रीत पुढे स्वतःला इजा करण्याच्या ऊर्मीसाठीही वापरली जाऊ लागली. तिचे आचरण सोपे आहे. ऊर्मी शरीरात कोठे जाणवते ते पाहायचे : छातीत दडपण आहे, हात शिवशिवतात, जबडा आवळला गेला आहे. तिची तीव्रता शून्य ते दहा या मापावर मनाशी नोंदवायची. श्वासाकडे लक्ष ठेवून काही मिनिटांनी पुन्हा नोंदवायची. आकडा आठवरून नऊवर गेला तरी घाबरायचे नाही, कारण शिखर जवळ आल्याची ती खूण असू शकते. बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत उतार जाणवू लागतो. एकदा असा उतार अनुभवला, की ‘हे कधीच थांबणार नाही’ या विचाराची पकड सैल होते.

एका रुग्ण मुलीने घडवलेला उपचार

दुसरे नाव मार्शा लिनेहान यांचे. १९६१ साली, वयाच्या १७व्या वर्षी, त्यांना कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथील इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग या मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. स्वतःला इजा करण्याचे त्यांचे वर्तन थांबत नव्हते, आणि दोन वर्षांहून अधिक काळाच्या तेथील उपचारांनीही ते फारसे आटोक्यात आले नाही. या नरकातून स्वतः बाहेर पडायचे आणि मग इतरांना बाहेर काढायचे, असा निश्चय त्यांनी केला. पुढे मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवून त्या सिएटलच्या विद्यापीठात आल्या आणि ज्या रुग्णांना इतरांनी ‘असाध्य’ ठरवले होते त्यांच्यावर काम करू लागल्या.

त्यातून ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’, म्हणजेच द्वंद्वात्मक वर्तनोपचार, ही पद्धती आकाराला आली. तिच्या परिणामकारकतेचा पहिला मोठा अभ्यास १९९१ साली आणि मूळ ग्रंथ १९९३ साली प्रसिद्ध झाला. नावातील ‘द्वंद्व’ दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या सत्यांचे आहे. रुग्ण आज जसा आहे तसा त्याचा पूर्ण स्वीकार, हे एक सत्य. आणि त्याने बदलणे आवश्यक आहे, हे दुसरे. केवळ ‘बदल’ म्हटले तर रुग्णाला तो दोषारोप वाटतो. केवळ ‘स्वीकार’ म्हटला तर त्याची वेदना तशीच राहते. स्वीकाराचा हा भाग लिनेहान यांनी झेन साधनेतून घेतला आणि तो धार्मिक परिभाषेविना शिकवता येईल अशा कौशल्यांत मांडला.

आपली स्वतःची कहाणी लिनेहान यांनी अनेक दशके जाहीर केली नव्हती. २०११ साली, त्याच हार्टफर्डच्या संस्थेत, त्यांनी ती प्रथमच उघडपणे सांगितली. ज्या उपचाराने असंख्य लोकांना आधार दिला त्याचा उगम एका रुग्ण मुलीच्या अनुभवात होता, हे तेव्हा जगाला कळले. किशोरवयीनांसाठी या उपचाराचे वेगळे रूपही तयार झाले आहे. सिएटलच्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १७३ मुलामुलींचा समावेश होता. सहा महिन्यांच्या उपचारानंतर स्वतःला इजा करण्याचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा या उपचारात अधिक घटलेले आढळले.

ऊर्मी उसळलेली असताना

या उपचारातील काही कौशल्ये संकटाच्या क्षणासाठीच आहेत. त्यांचा हेतू मर्यादित आहे : परिस्थिती अधिक बिघडू न देता तो वेळ पार करणे.

पहिली पायरी शरीराची. भावना पराकोटीला गेली असताना युक्तिवाद कामी येत नाही. शरीर आधी शांत करावे लागते. श्वास रोखून चेहऱ्यावर गार पाण्याचा हबका मारला किंवा गार ओला पंचा काही सेकंद डोळ्यांवर व गालांवर धरला, तर पाण्यात बुडी मारताना होते त्याप्रमाणे हृदयाची गती नैसर्गिकपणे मंदावते. येथे हेतू थंडाव्याने गती उतरवण्याचा आहे, वेदना देण्याचा नाही. हृदयविकार किंवा आहारविकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. त्याऐवजी काही मिनिटे जोमाने जिने चढउतार करणे, जागच्या जागी धावणे किंवा वेगाने चालणे यांनी अंगात साठलेला आवेग खर्च होतो. त्यानंतर श्वास सोडण्याचा काळ श्वास घेण्यापेक्षा लांबवायचा : चार मोजेपर्यंत आत, सहा किंवा आठ मोजेपर्यंत बाहेर.

दुसरी पायरी अंतराची. ऊर्मी आणि कृती यांच्यामध्ये वेळ आणि जागा घालायची. ‘कधीच करणार नाही’ अशी प्रतिज्ञा त्या क्षणी झेपत नाही. ‘पुढची १५ मिनिटे करणार नाही’ ही झेपते, आणि ती संपल्यावर पुन्हा १५ मिनिटांची करता येते. ज्या खोलीत एकटे असताना ओढ वाढते तेथून उठून घरातील माणसे असतील तेथे जाऊन बसावे. काही सांगायला हवे असे नाही. सोबत पुरेशी असते. औषधे आणि इजा होऊ शकेल अशा वस्तू सहज हाती लागणार नाहीत अशी व्यवस्था घरच्यांनी शांत वेळीच करून ठेवावी.

तिसरी पायरी लक्ष वळवण्याची. हात आणि डोळे दोन्ही गुंततील असे काम निवडावे : कणीक मळणे, भाजी निवडणे, चित्र रंगवणे, पेटीवर एखादी सोपी धून वाजवणे. मनात चाललेले लिहून काढावे आणि नंतर हवे तर फाडून टाकावे. भोवतालच्या पाच दिसणाऱ्या, चार स्पर्शाने जाणवणाऱ्या आणि तीन ऐकू येणाऱ्या गोष्टी मोजण्याची साधी रीत सुन्नपणा दाटून येतो तेव्हा विशेष उपयोगी पडते. वेदनेच्या जागी ‘कमी वेदना’ देणारे पर्याय काही ठिकाणी सुचवले जातात. परंतु त्यांनी मनातले जुने समीकरण तसेच राहण्याचा धोका असतो, म्हणून शांत करणारे पर्याय अधिक हितावह.

चौथी पायरी माणसाची. ‘मला आत्ता ती ओढ वाटते आहे, माझ्याशी थोडे बोल’ एवढे वाक्य पुरते. आयत्या वेळी शब्द सापडत नाहीत. म्हणून एखाद्या विश्वासू व्यक्तीशी संकेताचा शब्द किंवा संदेश आधीच ठरवून ठेवावा.

या चारही पायऱ्या कागदावर उतरवल्या म्हणजे सुरक्षा-आराखडा तयार होतो. त्यात ऊर्मी जवळ आल्याच्या खुणा, स्वतः करण्याच्या गोष्टी, जेथे जाता येईल अशा जागा, फोन करता येईल अशा व्यक्ती आणि मदतीचे क्रमांक, या क्रमाने नोंदी असाव्यात. तो शांत दिवशी, शक्यतो समुपदेशकासोबत लिहावा आणि फोनमध्येही ठेवावा.

कौशल्ये चुकली आणि पुन्हा इजा झाली, तर सारे पाण्यात गेले असे मानू नये. जखमेवर वेळेवर उपचार घ्यावेत. त्यानंतर, आदल्या रात्रीच्या झोपेपासून त्या क्षणापर्यंत काय काय घडले याची साखळी उलगडून पाहावी. द्वंद्वात्मक उपचारात हा नित्याचा अभ्यास आहे. साखळीतील एखादी कडी, उपाशीपोटी असणे, जागरण, एखादा संदेश, एखादा शेरा, पुढच्या वेळी बदलता येते.

आईवडिलांनी काय बोलावे

रेडमंड, बेलव्ह्यू, समामिश या भागातील मराठी कुटुंबांत अपेक्षांचे ओझे बहुधा बोलून दाखवले जात नाही. ते घराच्या हवेतच असते. शाळेतील गुण, अ‍ॅडव्हान्स्ड वर्ग, बहिणीभावाशी किंवा मंडळातल्या इतरांच्या मुलांशी तुलना यांच्या जोडीला काही घरांत ग्रीन कार्डाची दीर्घ प्रतीक्षा असते. आईवडिलांच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या मुलाचा तो दर्जा २१व्या वर्षी संपतो, आणि ती तारीख मुलालाही पाठ असते. यांपैकी कोणतीही एक गोष्ट इजेचे ‘कारण’ ठरत नाही; परंतु ज्या मनाला आधीच भार पेलवत नाही, त्याच्यासाठी घरातील संभाषणाचा सूर निर्णायक ठरू शकतो.

खूण प्रथम दिसल्यावर आवाज चढवू नये आणि तपासणीही सुरू करू नये. ‘तुला खूप त्रास होत असणार. मी रागावलेली नाही. तुला वाटेल तेव्हा, वाटेल तेवढे सांग’ हे बोल पुरेसे आहेत. ‘आम्ही तुझ्यासाठी इतके केले आणि तू असे करतेस?’ या प्रश्नाने मुलीच्या मनातली शरम दुप्पट होते. ‘पुन्हा करणार नाही अशी शपथ घे’ म्हटल्याने वर्तन थांबत नाही. ते अधिक खोल लपते. जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे मात्र स्पष्ट शब्दांत विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, असे संशोधन सांगते. उलट, बोलण्याची वाट मोकळी होते.

सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा घरात असतील तर गुप्ततेचा प्रश्न उभा राहतो. कोणाला काय सांगायचे हे मुलाला विचारूनच ठरवावे. विश्वासाने सांगितलेली गोष्ट भिशीत किंवा फोनवरून पुण्याच्या मावशीपर्यंत पोहोचली, तर पुढची गोष्ट ते मूल सांगणार नाही. जीव धोक्यात असेल तेव्हा मात्र गुप्ततेचे वचन पाळायचे नसते, हेही मुलाला आधीच सांगून ठेवावे.

वॉशिंग्टन राज्याचा कायदा अनेक पालकांना धक्का देणारा आहे. येथे १३ वर्षे पूर्ण झालेले मूल पालकांच्या संमतीशिवाय मानसिक आरोग्याचे बाह्यरुग्ण उपचार घेऊ शकते. २०१९ सालच्या सुधारणेनंतर पालकांनाही १३ ते १७ वयाच्या मुलाला तपासणीसाठी आणि मर्यादित उपचारासाठी त्याच्या संमतीविना नेण्याची तरतूद उपलब्ध झाली आहे. पहिला हक्क पालकांविरुद्ध नाही. जे मूल घरी बोलू शकत नाही, त्याला दार उघडे राहावे यासाठी तो आहे.

ही ओढ केवळ मुलांची नसते. नोकरी जाण्याच्या सावटाखाली असलेला अभियंता, माहेरापासून दूर बाळंतपणानंतर खचलेली आई, एकट्याने राहणारा विद्यार्थी यांच्याही मनात ती उसळू शकते. प्रौढ व्यक्ती ‘या वयात काय सांगायचे’ म्हणून अधिकच उशीर करते.

मदत कोठे मिळते

अमेरिकेत १६ जुलै २०२२ पासून ९८८ हा तीन अंकी क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे. त्यावर फोन करता येतो किंवा लघुसंदेश पाठवता येतो. इंग्रजीत बोलणे जड जात असेल तर फोनवर दुभाष्याची मागणी करता येते. नाव सांगण्याची सक्ती नसते, आणि बहुसंख्य संभाषणे फोनवरच पूर्ण होतात. आत्महत्येचाच विचार हवा असे नाही. इजेची ओढ एवढे कारणही पुरेसे आहे. ७४१७४१ या क्रमांकावर केवळ संदेशांद्वारे संवाद साधता येतो. घरात बोलणे ऐकू जाईल अशी भीती असणाऱ्यांना तो सोयीचा. किंग काउंटीमध्ये ‘क्रायसिस कनेक्शन्स’ ही संस्था मदतवाहिनी चालवते; तिच्याच ‘टीन लिंक’ (८६६-८३३-६५४६) या सेवेत संध्याकाळी प्रशिक्षित किशोरवयीन स्वयंसेवक समवयस्कांशी बोलतात.

समुपदेशक शोधण्यासाठी सिएटल चिल्ड्रन्स रुग्णालयातर्फे राज्यातील मुलांसाठी संदर्भसेवा (८३३-३०३-५४३७) चालवली जाते. शाळेचा समुपदेशक आणि कुटुंबाचा नेहमीचा डॉक्टर हेही पहिले दार ठरू शकतात. समुपदेशक निवडताना द्वंद्वात्मक वर्तनोपचाराचे प्रशिक्षण आहे का, हे अवश्य विचारावे. एप्रिल २०२३ मध्ये किंग काउंटीच्या मतदारांनी पाच संकटनिवारण केंद्रांसाठी कर मंजूर केला. रेडमंडशेजारच्या किर्कलंडमध्ये २०२४ साली प्रौढांसाठी असे केंद्र सुरूही झाले. जखम गंभीर असेल किंवा जीव तत्काळ धोक्यात असेल तर ९११ हाच क्रमांक. व्हिसावर काय परिणाम होईल या शंकेचे निरसन वकिलाकडून करून घ्यावे, मात्र त्यासाठी मदत लांबवू नये.

भारतातील नातेवाइकांसाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे. ठाण्यातील ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेली संस्थाही मराठीतून मानसिक आरोग्याचे काम करते.

बरे होण्याचा मार्ग सरळ रेषेत जात नाही. आधी दोन ऊर्मींमधले अंतर वाढते, मग त्यांची उंची घटते, आणि पुढे कधीतरी ऊर्मी येऊनही दिवस नेहमीसारखा पार पडतो. लिनेहान यांच्या उपचाराचे अंतिम उद्दिष्टही वर्तन थांबवण्यापाशी संपत नाही. जगावेसे वाटेल असे आयुष्य उभे करणे, हे ते उद्दिष्ट आहे. मैत्री, झोप, आवडीचे काम, चुकले तरी चालेल अशी घरातली मोकळीक, ही त्याची सामग्री. तिच्यातली बरीचशी घरातच मिळते. उरलेली मिळवण्यासाठी पहिला फोन करावा लागतो.